ऑटोमॅटिक घड्याळ थांबतंय, मागे पडतंय की पुढे पळतंय? घड्याळजीकडे जाण्याआधी हे तपासा

महिन्या-दोन महिन्यांत कुणी ना कुणी माझ्यासमोर मनगटावरचं घड्याळ काढून ठेवतं. मी घड्याळजी नाही. बरीच वर्षं यांत्रिक घड्याळं वापरतोय आणि त्यातली दोन-तीन हौसेपायी उघडून बिघडवलीही आहेत. तेवढ्यावर ओळखीपाळखीत 'याला घड्याळातलं कळतं' असं नाव पडलंय. समोरच्याचं वाक्य ठरलेलं असतं: "एवढं महागाचं घेतलं, आणि साधं सेलवरचं घड्याळ याच्यापेक्षा बरं चालतं!"

अशी घड्याळं पाहून पाहून माझं एक मत झालंय. यातली बहुतेक घड्याळं बिघडलेली नसतात, उपाशी असतात. उपाशी नसलेल्यांपैकी बरीचशी चुंबकाने पछाडलेली असतात. खरी आजारी निघतात ती मोजकी, आणि त्यांना हात लावायचं काम तुमचंही नाही, माझंही नाही. म्हणून खालचा क्रम फुकटात होणाऱ्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि घड्याळजीच्या दारात संपतो. मधल्या पायऱ्या गाळू नका. एक गाळली की पुढच्या तपासणीचा निकाल खोटा येतो.

लक्षणं कोणती दिसतायत?

आधी तुमची तक्रार नेमकी कुठली ते पाहा. माझ्याकडे येतात त्या साधारण अशा:

- रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद, किंवा शनिवार-रविवार घातलं नाही की सोमवारी बंद.
- हातात असतानाच थांबतं, जरा झटकलं की चालू.
- रोज थोडं पुढे किंवा थोडं मागे, पण रोज जवळपास सारखंच.
- परवापर्यंत नीट होतं, अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं.
- आज पुढे, उद्या मागे. कशाचा कशाला मेळ नाही.
- तारीख भर दुपारी बदलते.
- चावी देताना आत काहीतरी गरगर फिरतं, किंवा हात हलवला की घासल्याचा आवाज येतो.
- काचेच्या आतून वाफ धरलीय.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीचं वाचू नका. घड्याळात पाणी शिरलंय. क्राउन नीट आत आहे ना एवढं पाहा आणि त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. तांदळात पुरणं, हेअर ड्रायर मारणं, उन्हात ठेवणं यातलं काहीही करू नका. वाफ निघून गेली म्हणजे पाणी गेलं असं नाही. ते आतल्या पोलादी भागांवर बसतं आणि गंज धरायला फार दिवस लागत नाहीत. खाऱ्या पाण्याचं तर विचारूच नका.

पायरी शून्य: क्राउन आत आहे का?

हसू नका. बाजूचं जे बटण फिरवून आपण चावी देतो आणि वेळ लावतो, तो क्राउन. तो पूर्ण बाहेर ओढलेला असला की आजच्या बहुतेक घड्याळांत सेकंदकाटा थांबतो. वेळ सेकंदावर लावता यावी म्हणून ती सोयच केलेली असते. माझ्या मेहुण्याचं घड्याळ 'हातात असताना अधूनमधून थांबायचं'. क्राउन मोठा, घड्याळ मनगटावर सैल, हात मागे वाकवला की तळहाताच्या मागच्या बाजूने क्राउन बाहेर ओढला जायचा. घड्याळ चार दिवस दुरुस्तीला राहून 'काही दोष नाही' म्हणून परत आलं होतं. पट्टा एका भोकाने आवळला, तक्रार संपली.

स्क्रूचा क्राउन असेल तर तो आत दाबून पूर्ण फिरवून बंद केलेला हवा. तो उघडा राहिला की घड्याळ थांबत नाही, पण पाण्याला वाट मिळते. म्हणजे दुखणं पुढे ढकललं जातं, एवढंच.

तारीख दुपारी बदलत असेल तर तोही दोष नाही. काटे बारा तासांनी चुकले आहेत. तारीख बदलेपर्यंत काटे पुढे फिरवा, ती वेळ म्हणजे मध्यरात्र, तिथून मोजून आत्ताची वेळ लावा. एक पथ्य मात्र पाळा: रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात झटपट तारीख बदलायची सोय वापरू नका. त्या वेळात तारखेची दाती आधीच गुंतलेली असते, जोर लावला की दात तुटतो. साध्या तारखेचं घड्याळ ३१ पर्यंतच मोजतं, त्यामुळे वर्षातून ५ महिन्यांच्या शेवटी तारीख हाताने सरकवावी लागतेच. ही तक्रार घेऊनही लोक येतात.

पायरी एक: पोट भरलंय का?

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, कारण सगळ्यात जास्त घड्याळं इथेच 'बरी' होतात.

ऑटोमॅटिक घड्याळाला सेल नसतो. आत एक लांब कमान गुंडाळलेली असते, मेनस्प्रिंग. ती उलगडताना जी ताकद मिळते त्यावर सगळं चालतं. मनगट हललं की रोटर नावाचा अर्धचंद्राकृती वजनदार तुकडा फिरतो आणि कमान गुंडाळतो. यातला कळीचा शब्द 'हललं'. दिवसभर कीबोर्डवर मनगट टेकवून बसणाऱ्याचं मनगट हलत नाही, बोटं हलतात. घरून काम करणारा माणूस बारा तास घड्याळ घालूनही त्याला जेमतेम अर्धपोटी ठेवतो.

आणि अर्धपोटी घड्याळ फक्त लवकर थांबतं असं नाही, ते वेळही चुकवतं. कमान ढिली पडली की बॅलन्स व्हीलचा, म्हणजे इकडून तिकडे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाचा, झोका लहान होतो. झोका मोठा असो की लहान, त्याला लागणारा वेळ सारखाच राहावा हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात थोडा फरक पडतोच. 'आज पुढे, उद्या मागे' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं: सोमवारी भरपूर चालणं झालं, मंगळवारी बैठकांत गेला, घड्याळ प्रत्येक दिवशी वेगळ्या ताकदीवर चाललं. म्हणून वेळेची चूक मोजायच्या आधी चावी.

पूर्ण थांबलेल्या घड्याळाला क्राउन पहिल्या स्थितीत, म्हणजे बाहेर न ओढता, ठेवून हळूहळू ३० ते ४० फेरे द्या. काही यंत्रांना जास्तही लागतात. जास्त चावी दिली तर कमान तुटेल ही भीती ऑटोमॅटिकला लागू नाही: कमान ज्या डबीत गुंडाळलेली असते, त्या डबीला तिचं बाहेरचं टोक पक्कं जोडलेलं नसतं, कमान भरली की ते भिंतीवरून घसरतं. निव्वळ हाताने चावी द्यायच्या घड्याळात मात्र शेवटी अडसर लागतो. तो जाणवला की तिथेच थांबायचं. आणि काही जुनी ऑटोमॅटिक यंत्रं, उदाहरणार्थ सिकोचं ७एस२६, हाताने चावी घेतच नाहीत. ती आडवी धरून हळुवार गोल गोल फिरवायची. खुळखुळ्यासारखी हलवायची नाहीत.

आता दोन चाचण्या. खर्च शून्य, वेळ चार-पाच दिवस.

पहिली चाचणी: पूर्ण चावी देऊन घड्याळ टेबलावर चित ठेवा, हात लावू नका, किती तासांनी थांबतं ते टिपा. ते तुमच्या यंत्राच्या जाहीर आकड्याशी ताडा. वर्षानुवर्षं असंख्य घड्याळांत बसवलं गेलेलं ईटीए २८२४-२ हे यंत्र साधारण ३८ तास चालतं. सिकोच्या घराण्यातलं एनएच३५ साधारण ४१ तास. रोलेक्सचं ३२३५ सुमारे ७० तास. टिसॉ आणि त्या गटातल्या इतर घड्याळांतलं पॉवरमॅटिक ८० नावाप्रमाणे ८० तास. नेमक्या आकड्यापेक्षा दोन-तीन तास इकडेतिकडे झालं तर सोडून द्या. पण ३८ च्या जागी २२ तास आले, तर कमान किंवा तिच्या डबीतलं वंगण संपलंय. ते घड्याळजीचं काम.

दुसरी चाचणी: घड्याळ पूर्ण थांबू द्या. क्राउनचे फक्त दहा फेरे देऊन दिवसभर नेहमीसारखं घाला. रात्री काढून टेबलावर ठेवा आणि पुन्हा तास मोजा.

या दोन चाचण्या एकत्र वाचल्या की उत्तर मिळतं. पहिलीत आकडा बरोबर आणि दुसरीत कमी, म्हणजे कमान ठीक आहे, हातावर ती भरत नाहीये. मग प्रश्न उरतो की दोष मनगटाचा की रोटरचा. एखाद्या सुट्टीच्या दिवशी भरपूर चालून, घरकाम करून दुसरी चाचणी पुन्हा करा. आकडा चांगला वाढला तर मनगटच आळशी. दिवसभर राबूनही घड्याळ रात्री काढल्यावर पाच-सहा तासांत थांबलं, तर रोटरची हालचाल कमानीपर्यंत पोचत नाहीये. तिथे थांबा.

ईटीएसारख्या दोन्ही दिशांनी कमान भरणाऱ्या यंत्रांत अजून एक खूण दिसते: हाताने चावी देताना मागच्या काचेतून रोटर पंख्यासारखा गरगर फिरताना दिसतो. उलटसुलट फिरण्याला एकाच दिशेत वळवणारी छोटी चाकं तिथे असतात, ती चिकट झाली की असं होतं. ते दिसलं की हाताने चावी देणं त्याच क्षणी बंद. एकेक फेऱ्यागणिक नुकसान वाढतं. याउलट व्हॅल्जू ७७५० हे प्रसिद्ध क्रोनोग्राफ (म्हणजे स्टॉपवॉच असलेलं) यंत्र एकाच दिशेने कमान भरतं, त्यामुळे दुसऱ्या दिशेला रोटर मोकळा सुटतो आणि मनगटावर चक्क थरथर जाणवते. तो त्याचा स्वभाव आहे.

मनगट आळशी निघालं तर उपाय सोपा: रोज सकाळी घालण्याआधी १५-२० फेरे. पट्टा इतका सैल नको की घड्याळ मनगटावर घरंगळत राहील. तेव्हा मनगट फिरतं आणि घड्याळ जागच्या जागी लोंबकळतं. क्रोनोग्राफचा मोठा सेकंदकाटा 'छान दिसतो' म्हणून सतत चालू ठेवायची सवय असेल तर तीही सोडा, काही यंत्रांत तो ताकद खातो.

पायरी दोन: मोजा, अंदाज सांगू नका

'खूप मागे पडतं' म्हणजे किती? हे विचारलं की निम्मे लोक गप्प होतात.

पूर्ण चावी द्या. फोनच्या घड्याळाशी सेकंदावर वेळ लावा. रोज एकाच वेळी फरक टिपा, किमान सात दिवस, शक्य तर दहा. एकूण फरकाला दिवसांनी भागा. या दिवसांत रोज थोडी चावी देत राहा, म्हणजे पोटाचा प्रश्न मध्ये येणार नाही.

मग अपेक्षा ताळ्यावर आणा. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. दिवसाला साडेआठ सेकंदांची चूक म्हणजे ९९.९९ टक्के अचूकता, आणि तीही कमान, दाती आणि केसासारख्या स्प्रिंगच्या भरवशावर. स्वित्झर्लंडमधल्या कॉस्क या संस्थेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळवायला यंत्राची १५ दिवस, ५ स्थितींत आणि ३ तापमानांत परीक्षा होते, आणि दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतात. ओमेगाच्या मास्टर क्रोनोमीटरसाठी ० ते अधिक ५. रोलेक्स स्वतः अधिक-उणे २ म्हणते. एनएच३५ साठी मात्र उणे २० ते अधिक ४० सेकंद हीच जाहीर मर्यादा आहे. तेव्हा त्या यंत्राचं घड्याळ रोज १५ सेकंद पुढे जात असेल तर ते शब्दाला जागतंय.

महाग घड्याळ म्हणजे अचूक घड्याळ, हा समज विकत घेतानाच सोडलेला बरा. पैसे मोजले जातात ते घडणावळीला, फिनिशिंगला, नावाला आणि पुढे दुरुस्तीची सोय असण्याला. सेकंदच हवे असतील तर क्वार्ट्झ घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आकडा जाहीर मर्यादेत असेल तर इथेच थांबा. रोज ६ सेकंद पुढे जाणारं घड्याळ महिन्याला ३ मिनिटं पुढे जातं. रविवारी एकदा वेळ लावली की झालं.

पायरी तीन: चुंबक

'अचानक, एके दिवसापासून, आणि पुढे'. हे तीन शब्द ऐकले की मी बाकी काही विचारत नाही, ड्रॉवरमधून होकायंत्र काढतो.

बॅलन्स व्हीलला लागून एक अतिशय पातळ, गुंडाळीच्या आकाराची स्प्रिंग असते, हेअरस्प्रिंग. १६७५ मध्ये क्रिस्तियान हायगेन्सने अशी स्प्रिंग घड्याळात वापरली तेव्हापासून खिशातलं घड्याळ मिनिटाच्या भाषेत बोलायला लागलं. तिचे वेटोळे एकमेकांना शिवता कामा नयेत. चुंबकीय झाले की ते एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते, झोके भराभर पडतात आणि घड्याळ पळायला लागतं. दिवसाला अर्धा मिनिट, कधी पाच मिनिटं, कधी त्याहून जास्त. क्वचित उलटही होतं, मागे पडतं किंवा थांबतं. पण दहातल्या नऊ वेळा पुढेच.

चुंबक येतं कुठून? टॅबलेटचं झाकण, लॅपटॉप बंद करायची कड, फोनमागे चिकटणारा चार्जर, इअरफोनची डबी, पर्सचं बटण, स्पीकर. आमच्या एका सहकाऱ्याचं घड्याळ दर आठवड्याला पळायचं. चुंबक उतरवलं की चार दिवस बरं, पुन्हा तेच. शेवटी कळलं की रात्री झोपताना तो ते टॅबलेटच्या झाकणावर ठेवायचा. अंतर वाढलं की चुंबकाची ताकद झपाट्याने कमी होते, त्यामुळे घाबरून घरातून सगळं हद्दपार करायची गरज नाही. वीतभर लांब ठेवलं तरी पुरे.

तपासायला काट्याचं साधं होकायंत्र घ्या. फोनमधलं नको, फोनमध्येच चुंबकं असतात. होकायंत्र सपाट ठेवून काटा स्थिर होऊ द्या आणि घड्याळ हळूहळू त्याच्या भोवती न्या. काटा ठळकपणे वळला तर संशय पक्का. काटा वळला नाही तर मात्र घड्याळ निर्दोष सुटलं असं समजू नका, सौम्य परिणाम होकायंत्राला कळत नाही. आणि होकायंत्राचा काटा हेही चुंबकच, तेव्हा त्यावर घड्याळ ठेवून चहाला जाऊ नका.

चुंबक उतरवायचं छोटं यंत्र, डिमॅग्नेटायझर, ही या सगळ्या प्रकरणातली माझी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खरेदी. घड्याळ त्यावर धरा, बटण दाबा, आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ हळूहळू हातभर लांब न्या. मग बटण सोडा. क्रम महत्त्वाचा आहे. यंत्रातलं चुंबकीय क्षेत्र सतत दिशा बदलत असतं. लांब नेताना ते हळूहळू क्षीण होत जातं आणि स्प्रिंगमधलं चुंबकत्व त्याच्याबरोबर विरतं. घड्याळ जवळ असतानाच बटण सोडलं तर त्या क्षणाचं क्षेत्र आत कोरलं जातं, म्हणजे रोग बरा करायला जाऊन नव्याने लावला. काही यंत्रांची पद्धत वेगळी असते, सोबतचा कागद वाचा. बटण दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवलं तर यंत्र तापतं. पट्टा पोलादी असेल तर शक्यतो सोडवून वेगळा करा.

मग पुन्हा पायरी दोन. फरक पडला का हे सात दिवसांनी नाही, पहिल्याच दिवशी कळतं.

ज्यांच्या घड्याळात सिलिकॉनची हेअरस्प्रिंग आहे त्यांनी ही पायरी बहुतेक विसरून जावी. मास्टर क्रोनोमीटर घड्याळं १५,००० गॉसच्या क्षेत्रात तपासलेली असतात. साध्या 'अँटिमॅग्नेटिक' शब्दाला मात्र फार भुलू नका: त्यामागचं आयएसओ ७६४ हे मानक मीटरला ४,८०० अँपिअर, म्हणजे सुमारे ६० गॉस, एवढ्याच क्षेत्राचं आहे, आणि त्यानंतरही दिवसाला ३० सेकंदांपर्यंत फरक चालतो.

पायरी चार: रात्री कसं झोपवता?

रोज सारखाच थोडा फरक पडतोय, चुंबक नाही, पोट भरलेलं आहे. मग ही युक्ती करून पाहा. फुकट आहे आणि लोकांना जादू वाटते.

चित ठेवलेल्या घड्याळात बॅलन्सची कूस, म्हणजे तो ज्यावर फिरतो तो बारीक आस, एका टोकावर टेकते, घर्षण कमी. उभं ठेवलं की कुशीच्या बाजू घासतात, घर्षण वाढतं आणि झोका लहान होतो. त्यामुळे प्रत्येक स्थितीत चाल थोडी वेगळी. चार रात्री चार तऱ्हेने ठेवा: चित, पालथं, क्राउन वर करून उभं, क्राउन खाली करून उभं. झोपताना आणि उठल्यावर फरक टिपा. एखाद्या स्थितीत ते दोन-तीन सेकंद मागे पडेल, एखाद्यात पुढे जाईल. दिवसा ४ सेकंद पुढे जाणारं घड्याळ रात्री मागे पाडणाऱ्या स्थितीत ठेवलं की महिनोन्महिने वेळ न लावता चालतं. माझं रोजचं घड्याळ क्राउन वर करून झोपतं. तुमचं वेगळं निघेल, दुसऱ्याचं उत्तर उसनं घेऊ नका.

एखाद्याच स्थितीत २०-२५ सेकंदांचा फरक पडत असेल, तर ती सवयीची गोष्ट नाही. पुढची पायरी.

पायरी पाच: आवाज ऐका

टाइमग्राफर घड्याळाची टिकटिक मायक्रोफोनने ऐकून तीन आकडे देतो: दिवसाची चाल, झोक्याचा कोन आणि टिक व टॉकमधला असमतोल. फोनवरची ॲप चालीचा आकडा बऱ्यापैकी देतात, कोनाच्या बाबतीत माझा त्यांच्यावर विश्वास नाही. छंद असेल तर छोटं यंत्र घ्या. एकाच घड्याळासाठी घेऊ नका, घड्याळजी दोन मिनिटांत दाखवतो.

पूर्ण चावी दिलेल्या, चित ठेवलेल्या निरोगी घड्याळाचा कोन साधारण २७० ते ३१० अंश असतो, उभं केलं की तो उतरतो. पूर्ण चावी देऊनही चित स्थितीत २०० च्या आसपास घुटमळत असेल तर वंगण वाळलंय किंवा आत घाण आहे. ३३० च्या वर जाणंही वाईट: झोका इतका मोठा होतो की बॅलन्स मागून येऊन आपटतो आणि घड्याळ एकदम पळायला लागतं. असमतोल एक मिलिसेकंदाच्या आत असावा. टाइमग्राफरमध्ये लिफ्ट अँगल नावाचा आकडा भरावा लागतो. तो तुमच्या घड्याळातल्या यंत्राचा नसेल तर कोन खोटा येतो. 'माझं घड्याळ मरतंय' म्हणून घाबरलेल्या एकाचं दुखणं एवढंच निघालं होतं.

इथे हात मागे घ्या

मागचं झाकण उघडून आतली अधिक-उणेची छोटी पट्टी सरकवली की चाल बदलते हे खरं आहे. दिसायला सोपं आहे हेही खरं. मी ते केलंय. तिसऱ्यांदा केलं तेव्हा पेचकस घसरला आणि हेअरस्प्रिंगला टोक लागलं. केसभर वाकली, आणि घड्याळ दिवसाला सात मिनिटं चुकायला लागलं. शिवाय आत धूळ जाते, रबरी गॅस्केट चिमटतं, वॉरंटी जाते. बऱ्याच उंची घड्याळांत तर ती पट्टीच नसते, बॅलन्सच्या कडेवरच्या बारीक वजनांनी चाल जुळवतात आणि त्याला वेगळी हत्यारं लागतात.

पुढचं काही दिसलं तर तपासणी थांबवून थेट न्या: पूर्ण चावी देऊनही जाहीर तासांच्या निम्म्याआधी थांबणं; क्राउन फिरवताना करकर किंवा निसटणं; रोटर घासल्याचा आवाज; पडल्यानंतर किंवा आदळल्यानंतर बदललेली चाल; चुंबक उतरवूनही मिनिटांचा फरक; पाणी. पडल्यावर 'चालतंय की' म्हणून घालत राहणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. बॅलन्सच्या कुशीला धक्काशोषक असतो, पण निसटलेला एखादा स्क्रू आत फिरत राहिला तर तो दात खातो. हातोडी आणि ड्रिल चालवताना घड्याळ काढून ठेवा, हे सांगायला नकोच.

काहीही तक्रार नसली तरी वंगण कायम टिकत नाही. रोलेक्स साधारण १० वर्षांनी सर्व्हिसिंग सुचवते, ओमेगा ५ ते ८ वर्षांनी. पोहणाऱ्यांनी गॅस्केट आणि पाण्याची चाचणी वर्षातून एकदा करून घ्यावी. ३० मीटर लिहिलेलं घड्याळ हात धुण्यापुरतं समजा.

तक्रार परत परत येत असेल तर

मग घड्याळ नाही, निवड चुकलीय. शुक्रवारी रात्री ९ ला काढून सोमवारी सकाळी ८ ला घालणाऱ्याला ५९ तास हवेत. ३८ तासांचं यंत्र रविवारी सकाळी ११ ला थांबणारच, त्याला कुठलाही घड्याळजी इलाज करू शकत नाही. अशाने ७० किंवा ८० तासांचं यंत्र घ्यावं, किंवा तारीखच नसलेलं घ्यावं, म्हणजे थांबलं तरी वेळ लावायला अर्धं मिनिट. हाताने चावी द्यायचं घड्याळ तर रोज सकाळी दाढीइतकीच सवय मागतं आणि मनगटाच्या आळसाचा प्रश्नच मिटवतं. पाच घड्याळं आलटून पालटून घालणाऱ्याने त्यात पर्पेच्युअल कॅलेंडर (महिन्यांच्या दिवसांचा हिशोब आपोआप ठेवणारं घड्याळ) घेऊ नये, ते थांबलं की पुन्हा लावणं हा एक दिवसाचा उद्योग असतो. वाइंडर, म्हणजे घड्याळ फिरवत ठेवणारी डबी, फक्त त्या एका घड्याळासाठी समर्थनीय. बाकीची थांबली तर थांबू द्या, त्यांना काही होत नाही.

घड्याळजीकडे जाताना 'नीट चालत नाही' एवढंच सांगू नका. टिपलेला कागद द्या: टेबलावर किती तास चाललं, हातावर भरल्यावर किती, सात दिवसांची चाल, कुठल्या स्थितीत फरक, चुंबक उतरवलं की नाही, कधी पडलं होतं का. घेताना टाइमग्राफरचे आधीचे आणि नंतरचे आकडे मागा, किमान तीन स्थितींचे, आणि पाण्याची चाचणी केली का ते विचारा. घरी आणल्यावर पहिल्या शनिवारी पूर्ण चावी देऊन ते टेबलावर ठेवा आणि पहिली चाचणी पुन्हा करा. ३८ च्या जागी पुन्हा २२ तासच आले तर वाट पाहू नका, सोमवारीच परत न्या.